संगणकांचीं जाळीं आणि शेअरांचे भाव

आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी हयात त्यांनीं गणित शिकविण्यांत घालविली, आणि अजूनहि वाण्याचें बिल दोनदां बेरीज केल्याखेरीज ते चुकतें करीत नाहींत. २०२५ सालच्या जानेवारींत एका सायंकाळीं ते हातांत एक कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांचे जांवई कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें संगणकाच्या धंद्यांत नोकरीला आहेत. जांवयांनीं सासऱ्यांना कळविलें होतें कीं, मुलें मार्गीं लागलीं आहेत, पेन्शन चालू आहे, तेव्हां बँकेंत पडून राहिलेल्या रकमेपैकीं कांहीं भाग अमेरिकेंतील कंपन्यांच्या शेअरांत घालावा. आणि त्यांतहि संगणकांना एकमेकांशीं जोडणारीं यंत्रें करणाऱ्या कंपन्या सध्यां फार तेजींत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानें येथील रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठवितां येते, म्हणजे कायद्याची अडचण नव्हती. कागदावर दोन नांवें होतीं, आणि त्यांच्यापुढें सरत्या वर्षाच्या शेवटच्या दिवसाचे भाव मांडले होते. सिस्को, सुमारें ५९ डॉलर. अरिस्टा, सुमारें ११० डॉलर.

मास्तर म्हणाले, "यांतली स्वस्त कोणती, एवढेंच सांगा. मला तर पहिली दिसते. दुसरीच्या जवळजवळ अर्ध्या भावांत मिळते आहे."

गणित शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसानें ही चूक करावी याचें मला प्रथम नवल वाटलें. मागाहून लक्षांत आलें कीं, ही चूक गणिताची नव्हेच. शेअर म्हणजे वांटा, हें आपण विसरतों. एका कलिंगडाच्या आठ फोडी केल्या तर फोड मोठी होते, सोळा केल्या तर लहान होते. नुसत्या फोडीच्या भावावरून कलिंगड स्वस्त कीं महाग हें कसें ठरावें? त्याच डिसेंबरच्या आरंभीं अरिस्टा कंपनीनें आपल्या एकेका शेअराचे चार-चार शेअर केले होते. मास्तरांनीं आपला कागद नोव्हेंबरांत केला असता, तर दुसऱ्या नांवापुढें ११० च्या जागीं ४०० च्या आसपास आंकडा पडला असता, आणि कंपनी मात्र तीच, तेवढीच राहिली असती.

तेव्हां पहिली पायरी ही कीं, एका शेअराच्या भावाला शेअरांच्या संख्येनें गुणावयाचें. सिस्कोचे शेअर सुमारें ४०० कोटि, अरिस्टाचे सुमारें १२६ कोटि. गुणाकार केला म्हणजे सबंध सिस्कोची किंमत सुमारें २३,६०० कोटि डॉलर आणि सबंध अरिस्टाची सुमारें १३,९०० कोटि डॉलर येते. स्वस्त म्हणून दाखविलेली कंपनी दुसरीच्या पावणेदोनपटीच्या जवळपास निघाली. मास्तर चष्मा सारून कागदाकडे पाहूं लागले.

पण एवढ्यानेंहि कांहीं ठरत नाहीं, कारण मोठी वस्तु मोठ्या किमतीची असावयाचीच. पूर्वी चाळ विकत घेणारा मनुष्य तिच्या खोल्या मोजण्याआधीं दलालाला विचारी कीं, किती वर्षांच्या भाड्यांत किंमत फिटते? शेअराच्या बाजारांतहि हाच प्रश्न विचारावयाचा असतो; भाड्याच्या जागीं नफा धरावयाचा, एवढाच फरक. सिस्कोला जुलै २०२४ अखेरच्या वर्षांत सुमारें १,०३० कोटि डॉलर निव्वळ नफा झाला. अरिस्टाला २०२४ सालांत सुमारें २८५ कोटि. भागाकार करा. सिस्कोची किंमत तिच्या सुमारें २३ वर्षांच्या नफ्याइतकी, आणि अरिस्टाची सुमारें ४९ वर्षांच्या नफ्याइतकी. म्हणजे मास्तरांनीं जी कंपनी स्वस्त म्हणून दाखविली तीच स्वस्त निघाली, पण त्यांनीं सांगितलेल्या कारणानें नव्हे. "उत्तर बरोबर, रीत चूक," मीं म्हटलें. "अशा उत्तराला मी गुण देत नसें," मास्तर म्हणाले.

आतां हीं यंत्रें कसलीं, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण माल कोणता हें ठाऊक नसतां दुकानाची किंमत करणें व्यर्थ आहे. रेल्वे टपाल सेवेच्या डब्यांत रात्रभर पत्रें छाटणारा कारकून आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. पत्रांतील मजकुराशीं त्याला कर्तव्य नसतें. पत्ता वाचावा आणि पत्र योग्य त्या खणांत टाकावें, एवढेंच त्याचें काम. संगणकांच्या जाळ्यांतून जाणारा प्रत्येक निरोप, मग तें चित्र असो, बँकेचा हिशेब असो किंवा दूर गेलेल्या मुलीचा चेहरा असो, लहान लहान पाकिटांत विभागला जातो, आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. एकाच इमारतींतील संगणकांमध्यें हीं पाकिटें वांटणाऱ्या यंत्राला स्विच म्हणतात. एका जाळ्यांतून दुसऱ्या जाळ्यांत जाण्याचा मार्ग ठरविणाऱ्या यंत्राला राऊटर म्हणतात. कारकून मिनिटाला कांहीं पत्रें छाटी. हीं यंत्रें सेकंदाला कोट्यवधि पाकिटें छाटतात.

लेनर्ड बोझॅक आणि सँडी लर्नर हीं स्टॅन्फर्ड विद्यापीठांतील दोघें पतिपत्नी. त्यांनीं १९८४ सालीं सिस्को कंपनी काढली. विद्यापीठांतील निरनिराळ्या विभागांचीं जाळीं एकमेकांची भाषा जाणत नव्हतीं, तीं जोडण्याच्या खटाटोपांतून हा धंदा उभा राहिला. १९८७ सालीं एका भांडवलदार संस्थेनें २५ लाख डॉलर देऊन कंपनीचा सुमारें एक-तृतीयांश हिस्सा घेतला, आणि फेब्रुवारी १९९० मध्यें १८ डॉलर भावानें शेअर बाजारांत आला.

या धंद्यांत नफा भरपूर आहे. सिस्को काय किंवा अरिस्टा काय, १०० डॉलरांच्या विक्रींत मालाचा खर्च सुमारें ३५ डॉलरच असतो. लोखंडी पेटी, आंतील सिलिकनच्या चकत्या, तारा हें सर्व बहुधा दुसऱ्यांच्या कारखान्यांत जुळविलें जातें. कंपनीचें स्वतःचें जें असतें तें म्हणजे त्या यंत्राला चालविणारी आज्ञावली, आणि तिच्याहून मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाची संवय. ज्या अभियंत्यानें सिस्कोच्या आज्ञा तोंडपाठ केल्या, सिस्कोच्या परीक्षा दिल्या (आपल्याकडील किती तरी तरुण त्या देतात), तो उद्यां दुसऱ्याचें यंत्र घेण्यास सहजासहजीं राजी होत नाहीं. अरिस्टाच्या मुख्याधिकारी जयश्री उल्लाल या पूर्वी सिस्कोंतच वरिष्ठ पदावर होत्या. अरिस्टाच्या यंत्रांना द्यावयाच्या आज्ञा सिस्कोच्या आज्ञांशीं इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, या व इतर कारणांवरून सिस्कोनें २०१४ सालच्या डिसेंबरांत फिर्याद केली. २०१८ सालीं अरिस्टानें ४० कोटि डॉलर देऊन तंटा मिटविला. कोणाच्या बाजूस न्याय होता याचा निवाडा करणें हें माझें काम नव्हे. पण मनुष्याच्या बोटांना लागलेल्या संवयीवरून एवढें मोठें भांडण व्हावें, यावरून नफ्याचा झरा कोठें आहे तें समजतें.

मास्तरांचा पुढचा प्रश्न साहजिक होता. "मग २३ वर्षांच्या भाड्यांत मिळणारी सोडून ४९ वर्षांची कोण घेईल?" ज्याला पुढें भाडें वाढेल अशी खात्री वाटते तो घेईल. अरिस्टाची विक्री २०१४ सालीं ५८ कोटि डॉलर होती, ती २०२४ सालीं ७०० कोटि झाली, म्हणजे दहा वर्षांत बारापट. त्याच अवधींत सिस्कोची विक्री ४,७१० कोटींवरून ५,३८० कोटींवर गेली. एक चाळ भरलेली आहे, भाडें नियमित येतें, पण वर मजला चढविण्यास फारशी जागा नाहीं. दुसरीवर दर वर्षीं नवा मजला चढतो आहे. दुसरीला अधिक पैसे देणारा वेडा नव्हे. मजले किती चढतील म्हणून त्यानें किंमत दिली आहे, हें मात्र त्याला माहीत असलें पाहिजे. आणि येथेंच, श्रोतेहो, आपल्याला २००० सालाकडे परत गेलें पाहिजे, कारण या धंद्याच्या इतिहासांत याहून महागडी शिकवणी कोणीं घेतलेली नाहीं.

२७ मार्च २००० रोजीं सिस्कोचा शेअर ८० डॉलरांच्या किंचित् वर बंद झाला. कंपनीची एकंदर किंमत सुमारें ५५,५०० कोटि डॉलर झाली आणि मायक्रोसॉफ्टला मागें टाकून सिस्को जगांतील सर्वांत मोठ्या किमतीची कंपनी ठरली. त्या वर्षीं, म्हणजे जुलै २००० अखेर, तिची विक्री होती सुमारें १,८९० कोटि आणि नफा २६७ कोटि. भागाकार केला तर २०८ वर्षांचें भाडें होतें. २०८ वर्षें म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतों: त्या दिवसापासून तितकींच वर्षें मागें गेलें तर पुण्यास सवाई माधवराव पेशवे गादीवर सांपडतात.

पण खरेदीदारांची बाजूहि नीट मांडूं. ते म्हणत होते कीं, नफा याच ठिकाणीं थोडाच राहणार आहे? ठीक. समजा, आणखी दहा वर्षांनीं कंपनी प्रौढ होईल आणि तिला २० वर्षांच्या नफ्याइतकी बेताची किंमत येईल. शेअराचा भाव ८० डॉलरच राहण्यासाठीं, म्हणजे गुंतविणाऱ्याला दहा वर्षें एक छदामहि न मिळतां नुसतें मुद्दल शाबूत राहण्यासाठीं, नफा दसपट व्हावयास हवा, दर वर्षीं शेंकडा २६ प्रमाणें. आणि गुंतविणाऱ्याला शेंकडा १० चक्रवाढ मिळावयाचे असतील, तर नफा २६ पट, म्हणजे वर्षाला सुमारें ६,९०० कोटि डॉलर व्हावयास हवा. त्या सबंध दशकांत अमेरिकेंतील कोणत्याहि कंपनीनें एका वर्षांत मिळविलेला सर्वांत मोठा नफा एक्सॉनमोबिल या तेलकंपनीचा होता, २००८ सालीं, सुमारें ४,५०० कोटि. म्हणजे स्विच आणि राऊटर विकून त्या तेलकंपनीच्या दीडपट नफा व्हावा, ही अपेक्षा त्या ८० डॉलरांत दडलेली होती. ती कोणीं कागदावर मांडली नाहीं म्हणून कोणाला दिसली नाहीं.

प्रत्यक्षांत झालें तें असें. २०१० सालीं सिस्कोची विक्री ४,००० कोटि झाली, दुपटीहून अधिक. नफा ७७७ कोटि, जवळजवळ तिप्पट. कंपनी बुडाली नाहीं, आपल्या धंद्यांत ती पुढेंच राहिली, तिनें माल चांगला विकला. आणि शेअराचा भाव? त्या जुलैअखेर सुमारें २३ डॉलर. मधल्या काळांत, २००२ च्या ऑक्टोबरांत, तो ९ डॉलरांच्याहि खालीं जाऊन आला होता. कंपनीविषयीं ज्यांनीं आशा धरली त्यांची आशा पुष्कळशी खरी ठरली, आणि तरी त्यांचे शंभरांतले सत्तर रुपये गेले. कंपनी चांगली आहे काय, हा एक प्रश्न. तिच्यासाठीं मागितलेली किंमत चांगली आहे काय, हा दुसरा. मुलगा गुणी आहे म्हणून हुंड्याचा आंकडा वाजवी ठरत नाहीं, असें मीं म्हणणार होतों. पण मास्तरांनीं दोन्ही मुली हुंड्याशिवाय दिल्या आहेत, तेव्हां ही उपमा मीं गिळली.

याहूनहि मोठा घोटाळा निराळाच होता, आणि तो एकेका कंपनीकडे पाहून दिसत नाहीं. सिस्को एकटी नव्हती. ज्युनिपर ही कंपनी १९९६ सालीं निघाली. तिचे संस्थापक प्रदीप सिंधू हे कानपूरच्या आय्. आय्. टी. चे विद्यार्थी. महाजालाच्या मोठ्या हमरस्त्यांवर बसवावयाच्या राऊटरांत तिनें सिस्कोचा मोठा वाटा थोड्याच काळांत काढून घेतला. २००० सालच्या ऑक्टोबरांत तिचा शेअर २४० डॉलरांच्या आसपास होता, आणि सबंध कंपनीची किंमत तिच्या त्या वर्षाच्या विक्रीच्या, नफ्याच्या नव्हे, विक्रीच्या शंभरपटीहून अधिक होती. कॅनडांतील नॉर्टेल इतकी फुगली होती कीं, टोरोंटो शेअरबाजाराच्या मुख्य निर्देशांकाचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग एकट्या तिनें व्यापला होता. ए. टी. अँड टी. मधून फुटून निघालेली ल्यूसंट होती, थ्री-कॉम होती, आणखी कित्येक लहानमोठ्या होत्या.

आतां विचार करा. ज्युनिपरच्या भावांत असें गृहीत होतें कीं, ती सिस्कोचीं गिऱ्हाइकें नेणार. सिस्कोच्या भावांत असें गृहीत होतें कीं, तिचीं गिऱ्हाइकें कोठेंहि जाणार नाहींत, उलट वाढतील. नॉर्टेलच्या भावांत नॉर्टेल दोघींनाहि मागें टाकणार होती. स्वयंवरांत माळ एकाच गळ्यांत पडावयाची असते; येथें मात्र जमलेल्या प्रत्येक राजपुत्राच्या घरीं मांडव पडला होता आणि वाजंत्री ठरली होती. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे भाव म्हणूनच सुटे-सुटे तोलून चालत नाहीं. सर्वांच्या किमती एकत्र मांडाव्या, त्या किमतींना पुरेल इतकी विक्री सर्वांची मिळून किती व्हावी लागेल तें काढावें, आणि तेवढा माल घेणारें गिऱ्हाईक जगांत आहे काय हें पाहावें.

गिऱ्हाईक आहे, असें त्या वेळीं सर्वांना वाटत होतें, कारण महाजालावरील वाहतूक दर १०० दिवसांनीं दुप्पट होते, असें एक वाक्य तोंडोतोंडीं झालें होतें. १९९८ सालच्या अमेरिकन सरकारच्या एका अहवालांतहि तें उतरलें. १०० दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षांत बारापटीहून अधिक. ए. टी. अँड टी. च्या संशोधन-शाळेंतील कॉफमन आणि ऑड्लिझ्को यांनीं आंकडे गोळा करून दाखविलें कीं, वाहतूक दुप्पट होते ती सुमारें वर्षाला. वर्षाला दुप्पट हीहि प्रचंड वाढ आहे. पण दुप्पट आणि बारापट यांच्या मधल्या जागेंत लक्षावधि लोकांची शिल्लक पुरली गेली.

शिवाय जीं गिऱ्हाइकें दिसत होतीं त्यांतील पुष्कळ उधारीचीं होतीं. दूरध्वनि व महाजालाची सेवा देणाऱ्या नव्या कंपन्या निघत, त्यांच्याजवळ यंत्रें घेण्यास पैसा नसे, तेव्हां यंत्रें विकणारी कंपनीच त्यांना कर्ज देई, आणि तो माल विकला गेला म्हणून आपल्या वहींत विक्री लिही. वाण्यानें गिऱ्हाइकाला आपल्याच गल्ल्यांतून नोट काढून द्यावी, तिनें त्यानें साखर घ्यावी, आणि सायंकाळीं वाण्यानें आज विक्री चांगली झाली म्हणून समाधान मानावें, तसा हा प्रकार. ल्यूसंटनें ज्यांना असें कर्ज दिलें होतें त्यांतील विन्स्टार ही कंपनी २००१ च्या एप्रिलांत दिवाळखोरींत गेली. त्याच सुमारास सिस्कोला गोदामांतील २२५ कोटि डॉलरांचा माल निरुपयोगी म्हणून वहींतून खोडावा लागला. विक्री २,२३० कोटींपर्यंत वाढूनहि त्या वर्षीं कंपनीला सुमारें १०० कोटि तोटा झाला. म्हणून या धंद्यांतील ताळेबंद पाहतांना विक्रीच्या ओळीवर थांबूं नये. गोदामांतील माल आणि गिऱ्हाइकांकडील येणें हे दोन आंकडे विक्रीपेक्षां वेगानें वाढत असले तर कान टवकारावे. नफ्याचा आंकडा या दोघांच्या मागाहून चालत येतो.

बाजार चुकूं शकतो, पण इतका ढोबळ चुकेल काय, असें कोणी विचारील. त्याला थ्री-कॉमची गोष्ट सांगावी. जाळ्याचीं यंत्रें करणाऱ्या या कंपनीजवळ पाम नांवाची, हातांत मावणारे लहान संगणक करणारी एक शाखा होती. २ मार्च २००० रोजीं थ्री-कॉमनें पामचे सुमारें शेंकडा ५ शेअर बाजारांत विकले आणि बाकीचे वर्षअखेरपर्यंत आपल्या भागधारकांना वांटून देण्याचें जाहीर केलें. थ्री-कॉमच्या एका शेअरामागें पामचे सुमारें दीड मिळणार होते. पहिल्याच दिवशीं पामचा शेअर ९५ डॉलरांवर बंद झाला. दीड शेअर म्हणजे १४२ डॉलरांहून अधिक. ज्या थ्री-कॉमच्या पोटांत हे दीड शेअर होते, तिचा शेअर त्याच सायंकाळीं सुमारें ८२ डॉलरांना मिळत होता! ज्या डबींत १४२ रुपयांची अंगठी आहे असें सर्वांस ठाऊक आहे, ती डबी अंगठीसकट ८२ रुपयांना. म्हणजे डबीची किंमत उणें साठ. डबी म्हणजे थ्री-कॉमचा जाळ्याचा सारा धंदा, आणि तो चालू होता, रोख पैसाहि बाळगून होता. लॅमाँट आणि थेलर या अर्थशास्त्रज्ञांनीं पुढें या प्रकारावर निबंधच लिहिला. पामचे शेअर बाजारांत इतके थोडे होते कीं, ते उसने घेऊन विकणेंहि कठीण झालें होतें, त्यामुळें शहाण्यांनाहि ही चूक लगेच दुरुस्त करतां येईना. मास्तरांना ही गोष्ट फार आवडली. वजाबाकी न येणारीं मुलें त्यांनीं पुष्कळ पाहिलीं होतीं. वजाबाकी न येणारा बाजार त्यांनीं प्रथमच ऐकला.

पुढें या सर्वांचें काय झालें तें एका दमांत सांगतों. नॉर्टेलनें २००९ च्या जानेवारींत दिवाळें काढलें. ल्यूसंट २००६ सालीं फ्रान्सच्या अल्काटेलमध्यें, आणि ती जोडी पुढें नोकियांत विलीन झाली. थ्री-कॉमला २०१० सालीं एच्. पी. नें सुमारें २७० कोटि डॉलरांना घेतलें. ज्युनिपरचा सौदा २०२४ सालीं ४० डॉलरला ठरला आणि २०२५ च्या जुलैंत पुरा झाला, तिलाहि एच्. पी. च्याच एका फांदीनें घेतलें.

मास्तरांनीं आपला कागद पुन्हां पुढें सरकविला. तेव्हां आम्ही परत सिस्को आणि अरिस्टा यांच्याकडे आलों, आणि त्या २३ व ४९ च्या पोटांत काय काय आहे तें उलगडूं लागलों.

प्रथम कर्ज. गहाण असलेली चाळ घेणारा नुसती विक्रीची किंमत पाहत नाहीं, गहाणाची रक्कमहि तींत मिळवितो. सिस्कोनें २०२४ च्या मार्चमध्यें स्प्लंक ही कंपनी सुमारें २,८०० कोटि डॉलरांना घेतली. त्या जुलैअखेर तिच्यावर सुमारें ३,१०० कोटि कर्ज होतें आणि हातीं रोख व रोख्यांत सुमारें १,८०० कोटि. म्हणजे किमतींत आणखी १,३०० कोटि धरले पाहिजेत. अरिस्टावर कर्ज नाहीं, उलट वर्षाअखेर तिच्या हातीं सुमारें ८३० कोटि होते. ते वजा केले पाहिजेत. अंतर थोडें कमी झालें, मिटलें नाहीं.

मग गिऱ्हाईक. अरिस्टाच्या २०२४ सालच्या विक्रीपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक माल केवळ दोन कंपन्यांनीं घेतला, मायक्रोसॉफ्ट आणि मेटा. दोघेहि मोठे, पैसे बुडविणारे नव्हेत. पण सबंध चाळींत दोन बिऱ्हाडें एक-तृतीयांशाहून अधिक जागा अडवून बसलेलीं असलीं, तर भाडें कोण ठरवितो हें सांगावयास नको. त्यांपैकीं मेटा तर स्वतःसाठीं स्विचांची रचनाहि करते. सिस्कोचीं गिऱ्हाइकें लाखोंनीं, बँका, इस्पितळें, सरकारी कचेऱ्या; त्यांची मागणी भडकत नाहीं आणि विझतहि नाहीं. माझ्या मतें या दोन कंपन्यांच्या भावांतील अंतराचा मोठा भाग या एका गोष्टींत आहे, आणि तिचा आंकडा भागाकारांतून निघत नाहीं.

आणखी एक, स्पर्धक कोणत्या दारानें येईल याचा नेम नाहीं. संगणकाच्या चित्रांसाठीं चकत्या करणाऱ्या एन्व्हिडियानें २०२० सालीं मेलानॉक्स ही इस्रायली कंपनी सुमारें ७०० कोटि डॉलरांना घेतली, तेव्हां तें कौतुकाचें वृत्त म्हणून लोकांनीं वाचलें. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रगृहांचें युग आलें आणि एन्व्हिडिया आपल्या चकत्यांबरोबर त्या जोडणारें जाळेंहि विकूं लागली. आतां अरिस्टाची खरी चुरस सिस्कोपेक्षां तिच्याशींच आहे. त्यामुळें स्वयंवराचा हिशेब करतांना मांडव मोजावयाचे ते नुसते जुन्या गल्लींतले मोजून भागत नाहीं.

रात्र बरीच झाली होती. मास्तरांनीं कागदाच्या मागल्या बाजूस दोन उभे रकाने आंखून हे सारे आंकडे उतरून घेतले होते, आणि तळाशीं एक ओळ मोकळी ठेवली होती. ती कशासाठीं, असें मीं विचारलें. ते म्हणाले, "दहा वर्षांनीं नफा किती झाला पाहिजे, तें मी घरीं जाऊन काढतों. शेंकडा सात तर मला बँकच देते. त्याच्यावर किती मागावयाचें तेवढें ठरवूं द्या."

त्यानंतर अकरा महिन्यांनीं, २०२५ च्या डिसेंबरांत, सिस्कोच्या शेअरानें मार्च २००० चा आपला ८० डॉलरांचा उच्चांक प्रथमच ओलांडला. मास्तर ती बातमी घेऊन सकाळींच आले. मागें दाखविलेल्या रीतीनें त्यांनीं हिशेब करूनच आणला होता. ज्या कोणा परदेशस्थानें त्या मार्चांत शेअर घेतला, त्याला त्याचें मुद्दल पावणेसव्वीस वर्षांनीं परत दिसलें. मधल्या काळांत अमेरिकेंतील महागाई इतकी वाढली आहे कीं, त्या वेळच्या ८० डॉलरांची खरेदीची शक्ति आज यावयास सुमारें १५० डॉलर लागतील. २०११ पासून कंपनी लाभांश देऊं लागली तो निराळा. रुपयांत पाहिलें तर त्या वेळचे ८० डॉलर म्हणजे साडेतीन हजारांच्या आंत, आणि आतांचे ८० म्हणजे सुमारें सात हजार दोनशें. पण ही दुप्पट सिस्कोनें केलेली नव्हे, रुपयाच्या घसरणीनें केलेली आहे. आणि साडेतीन हजार रुपये शेंकडा सात चक्रवाढीनें तितकींच वर्षें ठेवले असते तर वीस हजारांच्या जवळ गेले असते.

"आणि तुम्ही काय घेतलेंत?" मीं विचारलें.

"दोन्हींतलें थोडें-थोडें," मास्तर म्हणाले, "पण जांवयांनीं सांगितलें होतें त्याच्या चौथाईनें. बाकीची ओळ अजून जुळत नाहीं."